सव्वा किलोचा भाव

३० ऑक्टोबर २०२४. धनत्रयोदशी आदल्या दिवशी झाली होती, पहिली आंघोळ दुसऱ्या पहाटे होती. त्या रात्री ॲपलने जाहीर केलं की मॅकबुक एअरच्या एम-२ आणि एम-३ या दोन्ही मॉडेलांत यापुढे किमान १६ जीबी मेमरी मिळेल आणि किंमत वाढणार नाही. भारतात एम-२ची किंमत ₹९९,९०० होती, ती तेवढीच राहिली. आदल्या दिवसापर्यंत त्याच पैशांत ८ जीबी मिळत होती. मोठ्या ऑनलाइन दुकानांचे सेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू झाले होते. ज्यांनी दसऱ्याआधी ८ जीबीचं यंत्र सवलतीत घेतलं, त्यांचे काही हजार खरोखरच वाचले. पण दिवाळी उजाडायच्या आत त्यांच्या हातातलं यंत्र निम्म्या मेमरीचं ठरलं, आणि या यंत्रात मेमरी नंतर वाढवता येत नाही. ती प्रोसेसरच्या पॅकेजातच डाग देऊन कायमची बसवलेली असते.

सवलत किती मिळाली हे सगळेच विचारतात. ती कोणत्या आकड्यातून वजा झाली आणि वजा होताना यंत्रातून काय काय निघून गेलं, हे विचारणारे थोडे. फ्रिज किंवा टीव्ही घेताना हा प्रश्न टाळला तर फार तर हजार-दोन हजारांची खोट बसते. हलक्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र पुढची पाच वर्षं त्याच निर्णयाबरोबर काढावी लागतात. म्हणून या बाजाराचा भाव कसा ठरतो, हे जरा खोलात जाऊन बघायला हवं.

मुंबईच्या लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत बॅग पाठीवर नसते, छातीशी धरलेली असते. डोंबिवलीहून दादरपर्यंत उभ्याने जाणाऱ्या माणसाला दोन किलो आणि सव्वा किलो यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. एसटीने तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला जाणाऱ्या प्राध्यापिकेला तो कळतो, वस्तीवर फिरून सर्वेक्षण करणाऱ्या कार्यकर्तीला कळतो, एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात धावणाऱ्या तरुण वकिलाला कळतो. साधा १५.६ इंची घरगुती लॅपटॉप १.६ ते १.८ किलोचा असतो. गेमिंगचा घेतला तर दोन किलोच्या वर, आणि त्याचा चार्जरच अर्ध्या किलोचा. १३ किंवा १४ इंची हलकं यंत्र एक ते १.४ किलोत बसतं. मानेचा आणि खांद्याचा विचार केला तर हा फरक चैनीचा नाही, आणि रोज दोन-तीन तास प्रवास करणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजले तर ते उधळपट्टीत धरू नयेत.

जपानने ही गरज फार आधी ओळखली. पॅनासॉनिकचे 'लेट्स नोट' हे लॅपटॉप तिथल्या खचाखच भरलेल्या लोकल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून घडवले जातात. यंत्रावर १०० किलोचा दाब देऊन ते टिकतं का, अशी चाचणीच कंपनी घेते. आपल्याकडे ठाणे-कुर्ला पट्ट्यातली गर्दी त्याहून कमी नाही, पण आपल्या बाजारात लॅपटॉप विकताना त्याच्या वजनाबद्दल फार कमी बोललं जातं. दुकानातल्या पाटीवर प्रोसेसर असतो, मेमरी असते, हप्ता असतो. वजन शोधावं लागतं. कंपनीच्या माहितीपत्रकातही ते बहुधा '१.२ किलोपासून पुढे' असं छापलेलं असतं. तो 'पासून' सगळ्यात लहान बॅटरीच्या आणि सगळ्यात साध्या पडद्याच्या मॉडेलचा असतो. आपण घेतो ते १.३५ भरतं, आणि वर पाव किलोचा चार्जर. सामान तोलायचा हूक-काटा आता दोन-तीनशे रुपयांत मिळतो. दुकानात जाताना तो खिशात असला तर खात्रीचा आकडा कळतो, आणि तो लावायला कोणी हरकत घेतली तर सरळ पुढच्या दुकानात जावं.

हलकेपणाला पूर्वी भयंकर भाव होता. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जने कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला तेव्हा तो १.३६ किलोचा होता आणि त्याची किंमत होती १,७९९ डॉलर. जास्त वेगाचा प्रोसेसर आणि एसएसडी लावलेला हवा असेल तर ३,०९८ डॉलर. मेमरी २ जीबी, तीही डाग देऊन बसवलेली. मॅकबुक एअरमध्ये ती पद्धत तिथपासूनची. त्याच्या काही महिने आधी, २००७ मध्ये, असुसने एक किलोच्या आतला 'ई पीसी' अगदी स्वस्तात आणला होता, पण त्याचा पडदा सात इंचांचा आणि काम करण्याचा वेग बेताचा. म्हणजे हलकं घ्यायचं तर महाग घ्या, नाहीतर दुबळं घ्या. ही कोंडी फोडण्यासाठी इंटेलने २०११ मध्ये 'अल्ट्राबुक' ही कल्पना मांडली, भाव हजार डॉलरच्या आत आणायचं ठरवलं आणि त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान घडवणाऱ्या कंपन्यांसाठी ३० कोटी डॉलरचा निधी काढला. २०१४ मध्ये कोरियात एलजीचा 'ग्राम' आला, १३ इंचांचा आणि ९८० ग्रॅमचा. आज ५५ ते ७५ हजारांत १.३ किलोचं बऱ्यापैकी यंत्र मिळतं, त्यामागे ही सगळी खटपट आहे.

तरीही वजन फुकट कमी होत नाही, आणि ते कुठून काढलं हे कळलं की सवलतीचा अर्थ लागायला लागतो. पहिली जागा कवचाची. ॲल्युमिनियमची घनता २.७, तर मॅग्नेशियम मिश्रधातूची सुमारे १.८. मॅग्नेशियमचं कवच महाग पडतं, म्हणून ते वरच्या श्रेणीत दिसतं. खालच्या श्रेणीत पातळ प्लास्टिक असतं. प्लास्टिक वाईट नाही, पण बिजागरीजवळ ते तडकतं. दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडून बघावं आणि कीबोर्डच्या मध्यभागी अंगठ्याने दाबावं. दोन्हीकडे लवलं तर ते यंत्र लोकलसाठी नाही.

दुसरी जागा बॅटरीची, आणि इथे खरी मेख आहे. बॅटरी हा लॅपटॉपमधल्या सगळ्यात जड भागांपैकी एक. ५५ वॉट-तासांच्या जागी ३८ वॉट-तासांची बॅटरी घातली की वजन आणि किंमत दोन्ही खाली येतात आणि पाटीवर 'फक्त १.२ किलो' असं अभिमानाने लिहिता येतं. मग तो माणूस रोज चार्जर घेऊन फिरतो आणि वाचवलेलं वजन बॅगेत परत येतं. माझं मत असं की प्रवासासाठी घेतलेल्या यंत्रात ५० वॉट-तासांच्या खाली जाऊ नये, मग सवलत कितीही असो. हा आकडा माहितीपत्रकात सापडतो. विक्रेत्याच्या '१० तास चालते' या सांगण्यावर विसंबू नये.

तिसरी जागा मेमरीची. पूर्वी मेमरीच्या पट्ट्या खाचेत बसवलेल्या असत. आज ८ घ्या, दोन वर्षांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन आणखी ८ टाका, असं करता येत होतं. पातळ यंत्रांतून खाच गेली. इंटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेल्या 'लूनर लेक' प्रोसेसरांत तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजात बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी, मध्ये दुसरा पर्याय नाही. त्यामुळे हलक्या यंत्रात मेमरी विकत घेण्याचा दिवस एकच, आणि तो म्हणजे यंत्र घेण्याचा दिवस. ८ जीबीचं मॉडेल १६ पेक्षा सात-आठ हजारांनी स्वस्त दिसलं की हात तिकडे जातो. तो आवरावा. ब्राउझरमध्ये पंधरा पानं उघडी, एक मीटिंग चालू आणि मागे वर्डची फाइल, एवढ्यात ८ जीबी भरून जाते.

चौथी काटछाट वजनात दिसत नाही, पण भावात दिसते. ती पडद्याची. स्वस्त मॉडेलात २५० निट्स उजेडाचा, फिकट रंगांचा पडदा असतो. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असेल तर तो हाच. खिडकीशेजारी बसून काम करायचं असेल तर हा पडदा डोळ्यांना त्रास देतो. ३०० निट्स हे किमान, ४०० असेल तर उत्तम.

मग वाचवायचं कुठे? माझ्या मते प्रोसेसरच्या पिढीत. कार्यालयीन काम, अभ्यास, लेखन, हिशेब, थोडंफार फोटोंचं संपादन यांसाठी चालू वर्षाचा प्रोसेसर आणि गेल्या वर्षीचा प्रोसेसर यांत जाणवण्याजोगा फरक बहुधा नसतो, पण भावात दहा-पंधरा हजारांचा फरक पडू शकतो. नवी पिढी आली की जुना माल दुकानातून हलवावा लागतो, आणि तेव्हा मिळणारी सवलत खरी असते, कारण यंत्रातून काहीच काढून घेतलेलं नसतं. मॅकबुक एअर एम-१ हे त्याचं ठळक उदाहरण. नोव्हेंबर २०२० मध्ये तो भारतात ₹९२,९०० ला आला. तीन वर्षांनी सणासुदीच्या सेलमध्ये तोच ₹७०,००० च्या खाली मिळत होता, आणि तेव्हाही तो त्या भावातल्या बहुतेक नव्या यंत्रांना भारी होता.

मागची पिढी ओळखायची कशी हे मात्र कंपन्यांनी अवघड करून ठेवलंय. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे दोन आकडे बघा. एकाच वर्षाचे, शेजारचे वाटतात. त्या मालिकेत तिसरा आकडा अंतर्रचनेचा होता. ७५२० मध्ये झेन-२ ही २०१९ साली आलेली रचना आहे आणि चार कोअर आहेत. ७५३० मध्ये झेन-३ आहे आणि सहा कोअर आहेत. दोघांवरही 'रायझन ५, ७००० सिरीज' असंच स्टिकर. इंटेलचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये 'कोअर अल्ट्रा' आले आणि पुढच्याच महिन्यात 'अल्ट्रा' नसलेले कोअर ५ १२०यू सारखे प्रोसेसर आले, ज्यांची रचना आधीच्या पिढीची आहे. ही यंत्रं टाकाऊ नाहीत. स्वस्तात मिळाली तर १२०यू चांगली खरेदी आहे. मात्र भाव नव्याचा आणि रचना जुनी असं होऊ नये, म्हणून प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्यावं. 'आय-फाइव्ह आहे साहेब' एवढ्यावर पैसे काढू नयेत.

*

आता त्या खोडलेल्या आकड्याकडे. समजा खोक्यावर एमआरपी ₹८९,९९० आहे आणि सेलमधला भाव ₹६१,९९०. पाटी सांगते ३१ टक्के सूट. पण तो लॅपटॉप ₹८९,९९० ला मुळात कोणी विकलाच नव्हता. जुलैत तो ₹६३,५०० ला मिळत होता. मग खरी सूट दीड हजारांची. वैधमापन खात्याचे २०११ चे नियम एमआरपीपेक्षा जास्त भावाने विकायला बंदी करतात. ती छापताना किती चढवावी यावर मात्र ते काही म्हणत नाहीत. त्यामुळे एमआरपी हे आपलं संरक्षण आहे, सवलत मोजायची पट्टी नाही. आपली पट्टी आधीच्या तीन महिन्यांचा प्रत्यक्ष विक्रीचा भाव. तो दाखवणारी ॲपं आणि संकेतस्थळं आहेत. ती नको असतील तर गणपतीच्या आधीपासून आठवड्यातून एकदा दोन-तीन दुकानांतला भाव वहीत टिपून ठेवावा. त्या वहीइतका खात्रीचा सल्लागार या बाजारात दुसरा नाही.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' झाला तेव्हा देशभर गोंधळ उडाला होता. माल मिनिटांत संपला, ऑर्डरी रद्द झाल्या, भाव सेलच्या आधी वाढवून मग उतरवल्याच्या तक्रारी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. त्यानंतर बरंच बदललंय. परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्यांच्या किमतींवर प्रभाव टाकू नये, असा नियम मार्च २०१६ पासून आहे. म्हणजे आज पाटीवर दिसणारी सूट कागदोपत्री तरी विक्रेता देतो, कंपनी देते किंवा बँक देते. हे लक्षात ठेवण्याचं कारण व्यवहारातलं आहे. जी सूट लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची असते, ती बहुधा चौकातल्या दुकानातही मिळते. क्रोमा, विजय सेल्स किंवा गावातला अधिकृत विक्रेता यांना ऑनलाइन भाव दाखवून 'एवढ्यात देता का?' असं स्पष्ट विचारावं. पुष्कळदा देतात. आणि समोर उघडून, पडदा तपासून, बिजागरी हलवून घेतलेल्या यंत्रासाठी पाचशे-हजार जास्त गेले तरी मी ते योग्य समजतो.

बँकेच्या सवलतीत '१० टक्के' मोठ्या अक्षरांत असतात आणि कमाल मर्यादा बारीक अक्षरांत. ₹६२,००० वर दहा टक्के म्हणजे ₹६,२०० असं मनात धरून बसलेल्या माणसाला मर्यादेमुळे दीड किंवा दोन हजारच मिळतात. मर्यादा किती, किमान खरेदी किती, हप्त्यांवर वेगळी मर्यादा आहे का, हे तीन आकडे आधी काढावेत.

बिनव्याजी हप्त्यांचं गणित तर प्रत्येक घरात एकदा मांडून बघायला हवं. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही आणि व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपात लपवलं जातं. आजची 'नो-कॉस्ट' योजना अशी चालते: बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा केली जाते. ₹६०,००० चे सहा हप्ते, दर १५ टक्के धरला तर व्याज सुमारे ₹२,५४० होतं. ते सुटतं. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुटत नाही: ₹४५७. वर समजा ₹१९९ प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर: ₹२३५. एकूण जवळपास ₹६९०. रक्कम फार नाही, आणि ज्याला एकरकमी जमत नाही त्याने ती जरूर द्यावी. फक्त रोख किंवा एकरकमी कार्डावर वेगळी सूट मिळत असेल तर ती हप्त्यांत हातची जाते, आणि तो तोटा ६९० पेक्षा मोठा असू शकतो.

कराबद्दल एक गैरसमज घराघरांत ऐकू येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासून १८ टक्क्यांतच होता आणि तिथेच राहिला. त्यामुळे 'जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त' असं कोणी लॅपटॉपबद्दल सांगितलं तर ते खरं नाही. मात्र ज्यांची स्वतःची जीएसटी नोंदणी आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी सवलत इथेच आहे. ₹७०,८०० च्या यंत्रात कर ₹१०,८०० असतो. व्यवसायासाठी घेतलं आणि बिलावर आपला नोंदणी क्रमांक घातला तर तो आपण भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. अनेक छोटे व्यावसायिक घाईत साधं बिल घेतात आणि ही रक्कम सोडून देतात.

*

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जुनं नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की पाच-सात मिनिटांत सुट्या भागांची, केबलींची, मदरबोर्डांची दुकानं सुरू होतात. पुण्यात तापकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळुरूत एसपी रोड ही त्याची भावंडं. ऑनलाइन सेल आल्यावर हे बाजार संपतील असं पुष्कळ जण म्हणत होते. ते संपले नाहीत, कारण इथे दुरुस्ती करणारी माणसं बसतात, आणि कोणत्या मॉडेलची बिजागरी मोडते, कोणाची बॅटरी फुगते, हे त्यांना माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. खरेदी कुठूनही करा, पण आधी एखाद्या दुरुस्तीवाल्याला विचारा की त्याच्या टेबलावर कोणतं मॉडेल सारखं येतं. हा सल्ला मिळवायला एक चहा पुरतो.

याच गल्ल्यांत 'बिलाशिवाय घ्या, तीन हजार कमी करतो' असंही ऐकू येतं. घेऊ नये. वॉरंटीचा पुरावा बिल असतो. ते नसेल तर कंपनी वॉरंटी माल कारखान्यातून किंवा वितरकाकडून निघाल्याच्या तारखेपासून मोजू शकते. वर्षभराची वॉरंटी चार महिन्यांवर येऊ शकते. डाग दिलेल्या मेमरीच्या यंत्रात बोर्ड गेला तर मेमरीसकट अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि त्या खर्चापुढे तीन हजार काहीच नाहीत. फुकट बॅग, माउस आणि अँटिव्हायरस यांनाही भुलू नये. त्यांच्याऐवजी भाव कमी करायला सांगावा.

ज्यांचं अंदाजपत्रक तीस-पस्तीस हजारांच्या पुढे जात नाही, त्यांना माझा आग्रह असा की नवं पण दुबळं यंत्र घेण्याआधी चांगलं वापरलेलं बघा. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांतली ती यंत्रं मुळात लाखाच्या आसपासची, मजबूत बिजागरीची, चांगल्या कीबोर्डची असतात. थिंकपॅड एक्स-१ कार्बनची २०१८ सालची सहावी पिढी १.१३ किलोची आहे. अशी हलकी यंत्रं जुन्या मालाच्या बाजारात त्या मूळ किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. म्हणून सातव्या पिढीचं यंत्र विंडोजसाठी कितीही स्वस्तात दिलं तरी नको.

वापरलेलं यंत्र घेताना दुकानदाराला समोर बॅटरीचा अहवाल काढायला सांगावं. विंडोजमध्ये ती सोय आहे. मूळ क्षमता ५७ वॉट-तास आणि आता उरलेली ३०, असं दिसलं तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून घ्यावेत. बायोसला पासवर्ड आहे का आणि आधीच्या कंपनीचं दूरनियंत्रण अजून चिकटलेलं आहे का, हे बघावं. यंत्र पुसून पुन्हा सुरू केल्यावर पहिल्याच पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन मागितलं गेलं तर ते परत करावं, ते यंत्र कधीही बंद पडू शकतं. सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की उरलेली वॉरंटी कळते. कधी कधी कार्यालयासाठी घेतलेली तीन वर्षांची वॉरंटी थोडी शिल्लक असते, आणि तो मोठाच फायदा.

केव्हा घ्यावं, हा प्रश्न पालक सगळ्यात जास्त विचारतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या पावसाळ्यात चालतात, कॉलेज सुरू होतं गणपतीच्या आसपास, आणि मोठे सेल दसऱ्याला. दीड-दोन महिने मुलाला यंत्राशिवाय ठेवायचं का? पहिल्या सत्रात लॅबमधल्या संगणकावर भागतं, तेव्हा ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी थांबावं. जून-जुलैत विद्यार्थ्यांसाठीच्या सवलती असतात; ॲपलची विद्यार्थी-किंमत तर वर्षभर असते. मार्च २०२५ मध्ये आलेला एम-४ एअर सर्वांसाठी ₹९९,९०० आणि विद्यार्थ्यांसाठी ₹८९,९०० होता. पण थांबलं की भाव उतरतोच, हा नियम नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव जगभर झपाट्याने चढले, कारण चिप कारखान्यांची क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळली. अशा काळात दुकानात आधीच पडलेला १६ जीबीचा जुना माल पुढच्या सेलच्या नव्या मालापेक्षा स्वस्त ठरू शकतो. वहीत टिपलेल्या भावांपेक्षा आजचा भाव खरोखर कमी असेल आणि यंत्र मनासारखं असेल, तर पाडव्याच्या मुहूर्तासाठी अडून राहू नये.

घेतल्यावर खोकं उघडताना व्हिडिओ काढावा, प्रोसेसर आणि मेमरी बिलाशी ताडून बघावी. 'फक्त दोन शिल्लक' असा खोटा धाक, न मागता टोपलीत टाकलेली वाढीव वॉरंटी, शेवटच्या पानावर उगवलेलं शुल्क या साऱ्या गोष्टी ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पंच्याहत्तर हजारांच्या वस्तूसाठी वकील कुठे करायचा, असं म्हणून लोक गप्प बसतात. वकिलाशिवायही ही तक्रार स्वतः मांडता येते.

तरी एक उणीव उरतेच, आणि ती एकट्या ग्राहकाला भरून काढता येणार नाही. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून नियम लागू आहे की सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव सांगावाच लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जर्मनीतल्या एका दुकानसाखळीच्या केळी आणि अननसाच्या जाहिरातीवर निकाल देताना आणखी पुढचं पाऊल टाकलं: टक्केवारी त्या सगळ्यात कमी भावातूनच काढली पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही आकड्यातून नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींना आळा घालणारी कलमं आहेत, पण खोडलेली किंमत किती दिवसांपूर्वीची असावी याचं बंधन नाही. हे बंधन घालायला नवी यंत्रणा लागत नाही; प्रत्येक ऑनलाइन दुकानाकडे रोजच्या भावाची नोंद असतेच. ग्राहक पंचायतींनी, आमदार-खासदारांनी आणि वाचकांनीही केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याकडे ही एकच मागणी लावून धरावी: सूट छापायची असेल तर शेजारी गेल्या ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव छापा.